एका घराला एकच तोंड

वसई,
२० मे १९८६

प्रिय क्लेमेंट,

बहरीनच्या उकाड्यात आधीच भाजून निघाला असशील, म्हणून साध्या बातम्या अगोदर देते. दारचा चाफा फुललाय, आईचे गुडघे होते तसेच आहेत, आणि तुझ्या युवक मंडळाची पोरं अजून ग्रामसभेला जातात. सतरंज्या घालायला. ‘पंचायतीच्या कारभारात तरुणांना स्थान द्या’ म्हणून तूच मागे लागला होतास ना? मिळालं हो स्थान. सभा उठली की घड्याही त्यांनीच घालायच्या.

तुझी ती सभा मला अजून आठवते. मी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होते. आपल्या वाडीची विहीर टँकरवाल्यांना द्यायचं ठरत होतं आणि तू उठलास. विहीर अशी उपसली तर खाडीचं पाणी आत शिरेल, एवढंच बोललास. तेवढ्यात पपांनी सदरा ओढून तुला खाली बसवलं. सरपंच हसत म्हणाले, “बापूस जिता हाय तवर पोरानं उठायचं नाय. एका घराला एकच तोंड.” सगळी सभा हसली. मला सर्वांत जास्त राग पपांचा आला, कारण तुझं म्हणणं त्यांना पटलेलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण आपल्या घराचं तोंड त्यांनी त्या दिवशी उघडलं नाही आणि नंतरही कधी नाही. तू चिडून परदेशी गेलास, टँकर येत राहिले.

तू म्हणालास तसंच झालं. यंदा पेजेत मीठ घालावं लागत नाही. पानवेलीची पानं कडेने करपलीत. शेवटच्या आजारात पपा पाण्याचा घोट तोंडात धरायचे आणि थुंकून टाकायचे. आई म्हणायची, त्यांच्या जिभेची चव गेली. चव गेली नव्हती रे.

तुला पपांच्या दफनाला येता आलं नाही. महिना झाल्यावर त्यांच्यासाठी देवळात मिस्साची प्रार्थना ठेवली, तिला सरपंच आले होते. म्हणाले, “क्लेमेंटला कळव, आता त्यानं खुशाल बोलावं. घराचं तोंड आता तोच.” देवळामागची गोड्या पाण्याची शेवटची विहीर टँकरला द्यायची सभा पुढच्या महिन्यात आहे. मी विचारलं, तो इथे नाही, तर मी बोलू का? तुझ्याहून मोठी आहे, शाळेत वर्गभर पोरांना गप्प बसवते. तर म्हणतात, “बाय, तू उद्या लगीन करून दुसऱ्या घरी जाशील.” चौतिसाव्या वर्षी हे ऐकून मला हसूच आलं. मग त्यांनाच दया आली. क्लेमेंटचं पत्र आलं तर वाचून दाखव म्हणाले.

तू धावत येऊ नकोस. हात कोण वर करणार ते आधीच ठरलंय. तीही विहीर जाणार, माझ्या बोलण्याने पाणी गोड होणार नाही. तरी एकदा भिंत सोडून पुढे यायचंय मला. तू पत्र लिहायच्या भानगडीत पडू नकोस. नुसता कोरा कागद पाठव आणि अगदी खाली तुझी सही कर. वर जागा मोकळी सोड. भरपूर सोड.

तुझीच,
उर्सुला