स्पीकरवर ठेवलेला हात

आबा, आज एका बाईंनी मला विचारलं, बेस वाजवणारा मोठा कशानं ठरतो? त्या बँकेत नोकरी करतात, रविवारी माझ्याकडे बेस गिटार शिकायला येतात, आणि जुन्या इंग्रजी रॉकचं त्यांना भारी वेड. मी मास्तरकीच्या थाटात बोटांचा वेग, तारांची जाडी असलं काहीबाही सांगत सुटलो. त्या गेल्यावर खोली एकदम रिकामी झाली आणि माझीच मला लाज वाटली. खरं उत्तर मला तुमच्याकडून मिळालं होतं आणि मी तुमचा उल्लेखही केला नाही. म्हणून लिहायला बसलोय. एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती सांगायची हिंमत होईपर्यंत बाकीचं लिहितो.

सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन लिंबायतच्या त्या कापडाच्या कारखान्यात यायचो. अजून दिसतं. आठ माग धडधडतायत, मधल्या बोळातून तुम्ही फिरताय. तिथं बोलणं शक्यच नाही, सगळे हातवारे करतात. तुम्ही जाताजाता प्रत्येक मागाच्या लोखंडावर तळवा ठेवता, जरा थांबता, पुढे जाता. सहाव्यापाशी मात्र थांबून तो बंदच करता. मला काहीच बिघडलेलं दिसत नाही, पण आत पट्टा ढिला झालेला असतो. त्या आवाजात वर्षानुवर्षं काढून तुमचे कान गेले. आधी आईचा आवाज गेला, तिचा मुळातच बारीक. मग कुकरची शिट्टी. जाडे आवाज तेवढे उरले. हाक मारली तर बघायचा नाहीत, पण बाहेरून ट्रक गेला की वळायचात. आम्ही हसायचो, असे आम्ही शहाणे.

कॉलेजात असताना मी जुनी बेस गिटार आणली. ‘चारच तार? बाकीना तुटनात का?’ असं विचारलंत. मग एका दुपारी आमचा बँड आपल्या खोलीत सरावाला आला. तिघंही अडाजणचे, चांगल्या घरचे. तुमच्या अंगावर कारखान्याचे धागे, त्यात मागवाल्यांचं ते ओरडून बोलणं. मला आधीच चोरट्यासारखं झालं होतं. छाप पाडायची म्हणून मी शक्य तितकी बोटं पळवत होतो. तुम्ही उठलात, माझ्या स्पीकरवर तळवा ठेवलात आणि सगळ्यांदेखत मला झापलंत. ‘इतली घाई काबर करस? त्याना पाय देख, मंग बोट टाक.’ मोठा ड्रम ठोकणाऱ्या ड्रमवाल्याच्या पायाकडे बोट होतं तुमचं. मग गाणाऱ्याकडे आणि गिटारवाल्याकडे बघून म्हणालात, ‘दोनच जन वाजाडी राहिनात. बाकीना नुसता हात हालाडी राहिनात का?’ गिटारवाला हसत गुजरातीत ओरडला, ‘अंकल, अमे पण वगाडीए छीए!’ सगळे खो खो हसले. मीही हसलो. तुम्ही थट्टा करत नव्हता, तुमच्यापर्यंत त्यांचं खरंच काही पोचत नव्हतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

पुढच्या गाण्याला मी मुकाट ड्रमवाल्याचा पाय बघितला, आणि पहिल्यांदाच गाणं जागेवर बसलं. मोठा बेसवाला एवढंच करतो, आबा. मागे उभा राहतो, पायाशी बोट जुळवतो, मधे जागा सोडतो, टाळ्या गाणाऱ्याला घेऊ देतो. तुम्ही परत येऊन स्पीकरवर हात ठेवलात. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर थोडं हसू. थोड्या वेळानं हात उचलून बघितलात, लुंगीला पुसलात, पुन्हा ठेवलात. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. संध्याकाळी आईला म्हणालात, ‘आते माले तेबी समजत नही.’ त्यानंतर माझ्या वाजवण्याजवळ तुम्ही कधी आला नाहीत. शेवटच्या दोन वर्षांत तर घरात तुमच्याशी कोणी बोलेना, ओरडून आमचा घसा दुखायचा म्हणून. मी बेस घेऊन शेजारी बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

आता ड्रमवाला कॅनडात आहे, बाकीचे दोघंही बाहेर. आईही गेली. बेस हे एकट्यानं वाजवायचं वाद्य नाही. एकटा वाजवायला बसलो की ताटं मांडून ठेवावीत आणि जेवायला कोणीच येऊ नये, तसं वाटतं. तरी रोज बसतो. कधीकधी डाव्या हातानं तार दाबून न ठेवता नुसती उघडी जाडी तार छेडतो आणि तो मोकळा डावा हात स्पीकरवर ठेवतो. तळव्याला सगळं कळतं. मला तुमची फार आठवण येते, आबा.

हे पत्र बेसच्या पेटीत ठेवून देणार, दुसरीकडे कुठं पाठवू? तर ती गोष्ट. त्या दुपारी तुमचे कान आणखी गेले नव्हते, तुमच्या हातालाही काही झालं नव्हतं. ते तिघं पुन्हा हसतील म्हणून माझ्या बेसच्या आवाजाचं बटण मीच हळूच शून्यावर नेलं होतं. आणि तुम्ही बाहेर जाईपर्यंत मी नुसता हात हलवत होतो.