सव्वाची रिंग

ट्युनिस, ३ जून १९९७

चि. नाजियास,

अ. आ. वि. तुझ्या मत्स्यकोशाचा आजही एकतृतीयांश भागच फोनवरून आला. सलग चौथा दिवस. डोके येते, शेपूट येत नाही. फ्लॉपी टॅक्सीवाल्याबरोबर धाडू नकोस. मागची त्याने काचेजवळ ठेवून उन्हात शिजवून आणली.

आमच्या छापखान्याचे मालक म्हणाले, वीस तारखेपर्यंत पूर्ण कोश न आल्यास पुढची टंकजुळणी दुसऱ्या बाईंकडे. मी म्हणालो, बाई हुशार आहे, तार मंद आहे. ते म्हणाले, सख्खा भाऊ दुसरं काय सांगणार!

आमचा फोन जेवणाच्या सुट्टीतच मोकळा असतो, म्हणून एकलाच सुरू कर; मात्र मोडेमचा वेग निम्मा ठेव. आपल्या उम्मीला सलाम.

लोभ अखंड असावा; तार तुटते तेवढे पुरे.

मुनसिफ

स्फाक्स, ६ जून

प्रिय सिदी मुनसिफ,

सलाम वि. वि. वेग निम्मा केला. आता डोकंही अर्धंच आलं असेल. वायर बदलली, मोडेम गार फरशीवर ठेवला, शेजारच्या हबीबाला रेडिओ बंद करायला लावला. ती म्हणाली, सगळ्या गल्लीचा माझ्याच रेडिओवर डोळा! काहीही करा, तुटतं मात्र बरोबर सव्वाला. हे काम गेलं तर मी पुन्हा काकांच्या दुकानात बटणं विकायला.

माया असू दे, सूचना पुरेत.

नाजिया

ट्युनिस, ९ जून

चि. नाजियास,

अ. आ. वि. तारेला घड्याळ नसते, माणसाला असते. त्याच तारेवरचा माडीवरचा फोन सव्वाला कोण उचलते, ते पाहा.

लोभ आहेच.

मुनसिफ

स्फाक्स, १२ जून

प्रिय सिदी,

सलाम वि. वि. पाहिलं. उम्मी. बाबा तेलगिरणीतून निघताना एकच रिंग देऊन ठेवून द्यायचे, मग ही कुसकुस वाफेवर ठेवायची, आठवतं ना? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी सव्वा झाला की ही रिसीव्हर उचलून बघते, फोन बंद तर पडला नाही ना. म्हणाली, हल्ली आत कुणीतरी मासे तळत असतं.

वरचा फोन काढू का? माझा हात धजत नाही.

तुझी नाजिया

ट्युनिस, १५ जून

चि. नाजियास,

अ. आ. वि. काढू नकोस. एक वीसपर्यंत फोन मोकळा ठेव, मग पाठवायला लाग. पूर्ण वेगाने चाळीस मिनिटे, आणि आमची सुट्टी अडीचपर्यंत. सव्वा ते एक वीस, त्या पाच मिनिटांचे मी पाहतो. उम्मीला काही सांगू नकोस.

कृपा राहू दे.

मुनसिफ

स्फाक्स, २० जून

प्रिय सिदी,

सलाम वि. वि. शेपटासकट कोश पोचला आणि पुढचं कामही मलाच, हे तुझ्या मालकांनी स्वतः फोन करून कळवलं.

रोज सव्वाला एक रिंग वाजते. उम्मी फोनला हात लावत नाही, पातेलं चढवते. मी एक अक्षर बोलले नाही. तरी काल म्हणाली, मुनसिफची रिंग बापापेक्षा लांब असते, शिकलेला माणूस, थोडक्यात आटपत नाही. आणि म्हणाली, रिंग देणाऱ्यानं जेवायला यायचं असतं; त्याच्या बापानं कधी चुकवलं नाही.

तीन दिवस ती तुझं ताट मांडते आहे. रविवारी ये.

वाट पाहणारी,
नाजिया