वर केलेला हात

३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. यांची वाचा गेली, ती परत येणार नाही. पण हात किती हलतात ते रोज लिहायचं. लिहीन.
डावा हात: छातीपर्यंत. उजवा: नाही.

५ नोव्हेंबर
तसंच.

७ नोव्हेंबर
योगेंद्रचा फोन. प्रयोगशाळेत यांच्या हाताखाली तयार झालेला. तिथल्या कणत्वरकाचा क्लायस्ट्रॉन गेला! माणसाच्या उंचीची ती निर्वात नळी. ती सूक्ष्मलहरींचा जोर पुरवते, तेव्हा कुठे कण धावतात. आता शेवटची नळी उरली, आठ वर्षं पेटीत पडून. बनवणाऱ्यांनी बनवणं बंद केलंय. तिला हळूहळू जागं करायचं — व्होल्टेज थोडं वाढवा, आत ठिणगी पडली की खाली या, थांबा. केव्हा थांबायचं ते हे नुसत्या आवाजावरून सांगायचे.
'काकू, सरांना फोनवर ऐकवू का? बस एक बार!'
म्हटलं, ऐकव. उत्तराची आशा धरू नकोस.

१० नोव्हेंबर
सकाळी अकरा. फोन यांच्या उशाशी. पलीकडून नळीची टक-टक-टक, एकसारखी. यांचे डोळे टक्क उघडे — महिन्यात पहिल्यांदा! टकटक चढली. यांनी डावा हात वर केला. तळहात समोर, बोटं ताठ.
मालिशवाली गोदाबाई म्हणाली, 'बाई, सायेब आशीर्वाद दी राह्यनात!'
मलाही तेच वाटलं. फोनवर सांगितलं — 'सर आशीर्वाद देताहेत. चालू दे.'
दोन मिनिटांनी कडाक्! मग काही नाही.
यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवले नाहीत.
डावा हात: डोक्याच्या वर.

११ नोव्हेंबर
नळीची चिनीमातीची खिडकी तडकली, आत हवा शिरली. संपली. यंत्र आता बंदच राहणार.
डावा हात: हलवला नाही.

१४ नोव्हेंबर
चौकशी लागली. ठपका योगेंद्रवर — ठिणग्या दिसत असताना व्होल्टेज का वाढवलं? नोकरीवर बेतलंय.
'आम्हाला फोन केला होतास, ते सांगितलंस?'
'नाही काकू. सरांचं नाव कशाला मधे आणू? त्यांनी आशीर्वाद दिला, बहोत झालं.'
यांच्या जुन्या नोंदवह्या त्याला हव्यात. रविवारी येतो म्हणाला.

१५ नोव्हेंबर
वह्या काढल्या. पहिलीच्या पहिल्या पानावर यांचं अक्षर: 'हॉलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. हाताच्या खुणा पाठ करा. मूठ — वाढवा. उघडा हात — थांबा.'
उघडा हात!
मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. शनवाऱ्याच्या शाळेतल्या मुलींना तीस वर्षं ओरडून सांगितलं — आधी नीट पाहा, अर्थ मग लावा.
नदीवर, राजघाटापर्यंत चालत गेले. तशीच परत आले.

१६ नोव्हेंबर
योगेंद्रला दिलं: नोंदवह्या सात. बंद पाकीट एक, चौकशी समितीच्या नावे. आत या वहीतलं दहा तारखेचं मूळ पान, खाली माझी सही. झेरॉक्स इथे चिकटवली आहे.
देताना यांनी हात वर केला. तळहात समोर, बोटं ताठ.
या वेळी अर्थ कळला. तरी दिलं.