हातानं चारणं बंद

सौ. सिंधुताईंना,
धाकट्या जावेचा, पुनमचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. जंगलाकाठच्या एका लॉजची पर्यावरण तपासणी करतेय. सांडपाणी, कचरा, सगळं नीट असलं तरच त्यांना प्रमाणपत्र मिळतं. मामंजींचा गुडघा कसा आहे?

इथं हरणाचं एक पाडस आहे. आचारी त्याला हातानं चारतो, म्हणून ते कळप सोडून त्याच्यामागं फिरतं. मी आचाऱ्याला लई बोलले. अहवालात लिहिलं, हातानं चारणं बंद करा.

तुमच्या लेकरांचं ऐकून माझ्या लेकीनं, ईश्वरीनं काल फोनवर मला काकू म्हटलं, अन् तुम्हाला आई. तुम्ही हसलात, ताई. मला हसू आलं न्हाई. माझ्या हातचा घास थुंकणारी पोरगी तुमच्या मांडीवर ताटभर वरणभात खाते. खरं सांगते, लई जळते मी तुमच्यावर.

वाटलं, तुम्हालाही लिहावं, हातानं चारणं बंद करा. पण पोरगी उपाशी ऱ्हाईल. भरवा तिला. फक्त चिऊचा घास, काऊचा घास झाला की एक घास आईचा म्हणा, अन् तेव्हा माझा फोटो दाखवा.

तुमची,
पुनम