कॉफीच्या ओळींत तूर

१४ जून

थोरल्या लेकीने आज खालच्या सहा ओळींत, कॉफीच्या झाडांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत, तूर पेरली. शेंगांसाठी नव्हे—कापून कॉफीच्याच बुंध्याशी टाकण्यासाठी! तुरीमुळे जमिनीचा कस वाढतो, पिवळी पडलेली कॉफी सुधारते, असे तिचे म्हणणे. याकरिता ती प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आली आहे. मी अट घातली: तोडणीपर्यंत ओळी हिरव्या झाल्या नाहीत, तर बाग विकून टाकणार. या वयात किती राबावे?

"आणि झाल्या हिरव्या, तर?"

"तर पाहू," म्हणालो.

२० जुलै

खरेदीदाराचे पत्र आले. एवढ्याशा चिठ्ठीत पाच अशुद्ध शब्द! मजकूर मात्र स्पष्ट: डिसेंबरात बाग घेण्यास तयार.

२ सप्टेंबर

तूर खांद्याला लागली. कॉफी दिसेनाशी झाली. चाळीस वर्षे दोरी लावून राखलेली बाग—आता नुसते रान! थोरलीला बोललो, तर म्हणते, "अण्णा, बागेचा भांग पाडायचाय का?" ही हिची उत्तरे.

३ सप्टेंबर

थोरली बाजारात गेली असता कोयता घेतला आणि तुरीची एक अख्खी ओळ आडवी केली. तिचा प्रयोग मोडावा, हाच हेतू. तो येथे लपवीत नाही. मुळाशी कापणार होतो, परंतु कंबर वाकेना. गुडघ्याच्या वरच कापली गेली. उचलून फेकण्याचे त्राण उरले नव्हते. पडली तेथेच राहिली.

४ सप्टेंबर

विपरीतच घडले! थोरली खुरपणीच्या बाईंचे कौतुक करीत होती: "मावशी, कमाल केलीत! फुलं यायच्या आत, बरोबर उंचीवर, आणि पालाही बुंध्याशीच!"

बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मी नाही हो ताई. आपणहून आडवी झाली असेल."

माझे काम दुसऱ्याच्या नावावर जावे, हे सहन होईना. "मी कापली," म्हणालो.

थोरली म्हणाली, "वा! मग उरलेल्या पाचही तुमच्याच."

पुरता अडकलो.

९ सप्टेंबर

पाचही झाल्या. कंबर धरली आहे.

१८ नोव्हेंबर

तूर पुन्हा फुटली होती. आज दुसऱ्यांदा छाटली. खालून तिसऱ्या ओळीत कॉफीची नवी पाने गडद हिरवी आहेत. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. वरच्या भागात, जेथे तूर नाही, तेथे तसा रंग नाही. मान्य करणे भाग आहे.

२४ नोव्हेंबर

थोरलीला ३ सप्टेंबरची खरी हकीकत सांगितली. न कमावलेली शाबासकी पचत नव्हती. ती पोट धरधरून हसली. "मग अण्णा, दर दहा आठवड्यांनी असेच रागवत जा!"

मी हसलो नाही. फारसा.

६ डिसेंबर

थोरली सकाळच्या गाडीने परत गेली. निघताना कळले, नोकरी सोडलीच नव्हती. सहा महिन्यांची बिनपगारी रजा होती. फाटकाशी म्हणाली, "मला कुठे हवी होती बाग? ती विकून तुम्ही नुसते खुर्चीत बसून राहू नये, एवढंच हवं होतं."

खरेदीदारास नकार कळविला. कारण दिले नाही.