मानपारा बोल गो

मानपाडा, डोंबिवली
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

जयाबाय,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, सावकाश वाच.

दिवाळीत आली नाहीस. घोडबंदर रोडला बाविसाव्या माळ्यावर गेल्यापासून आमचं घर तुला बुटकं दिसत असेल. तिथेही मानपाडाच आहे म्हणे. आपला सोडून लोकांच्या मानपाड्यात गेलीस.

गेल्या आठवड्यात कॉलेजची एक पोरगी आली होती, क्षिप्रा नावाची. जुन्या माणसांच्या तोंडून गावांची नावं रेकॉर्ड करते. म्हणाली, "फोनमधली रस्ता सांगणारी बाई मॅनपाडा म्हणते, टॉवरवाले मनपाडा म्हणतात. इथली माणसं खरं काय म्हणतात ते मला हवंय." मग वहीत बघून विचारलं, "जया आजी कुठे असतात? सगळे म्हणतात, बोली ऐकायची तर त्यांचीच."

सगळे म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. मी शोधून काढीन.

मी म्हटलं, "बस. मी सांगते." आणि सांगितलं. मानपारा. घोरबंदर. कल्यान. ठाना. एका दमात. पोरगी खूश! "आजी, किती अस्सल!"

ऐकलंस ना? अस्सल म्हणाली मला. लग्न होऊन आले तेव्हा मी मानपाडा म्हटलं, तर ओटीवरच्या दहा बायकांसमोर तू थोरली जाऊ म्हणालीस, "मानपारा बोल गो. जीभ काय माहेरी सोरून आलीस?" त्या दिवसापासून साताऱ्याची जीभ मी खरंच सोडली. बाजारात, भांडणात, पोरांना मारताना, पन्नास वर्षं तुझ्यासारखी बोलले.

एवढ्यात आमची सून निशा चहा घेऊन आली आणि अर्धा कप माझ्या नव्या लुगड्यावर ओतला. मी ओरडले, "डोळे फुटले का गं तुझे!"

पोरीने मान वर केली. "आजी, इथली माणसं डोले म्हणतात ना? हा ळ कुठून आला?"

म्हटलं, साताऱ्याहून आला. मी आणला. तिने लगेच वहीत लिहिलं. वही तिच्याकडे सुलटी होती, तरी मी वाचलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, बाहेरून आलेल्या.

आता एक सांगायचं राहिलंय. तुझ्याबद्दल तिने विचारलं तेव्हा मी नुसतं "बस" म्हटलं नाही. तुझं डोकं गेलंय, माणसं ओळखत नाहीस, बोलणं बंद पडलंय, असं म्हटलं. चिडशील. चीड.

चार वर्षांपूर्वी तुझा दीर गेला, त्या आठवड्यात त्याची जीभ जड झाली होती. काहीतरी मागत होता, मला कळेना. पाणी दिलं, उशी दिली, तो मान हलवत राहिला. तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "खिरकी उघर म्हन्तो गो." मी उघडली. तो गप झाला. माझ्या नवऱ्याचं बोलणं मला तू समजावून सांगायचं, आणि तेही भाकरी थापता थापता. तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून बसले. तुला वाटलं असेल, दुःखात आहे.

काल मी पोरीला फोन केला. म्हटलं, जयाबाय ठणठणीत आहे, तिचं ऐकून तुझे कान दुखतील, खोटं मी बोलले. पोरगी हसली नाही. येत्या रविवारी ती तुझ्याकडे येईल. टीव्ही बंद ठेव. तुझ्या सुनेला मध्ये मध्ये बोलू देऊ नकोस. नावं घाई न करता सांग.

शेवटी ती सगळ्यांना विचारते तेच तुलाही विचारेल, की तुमच्यासारखं बोलणारं घरात अजून कोण आहे? तेव्हा कोणाचं नाव घ्यायचं ते तू बघ. मी काही सांगत नाही. रेकॉर्डिंग ती मला ऐकवणार आहे, एवढं मात्र ध्यानात असू दे.

तुझी धाकटी जाऊ,
विमला