तिसऱ्या पानावरचं नाव

ता. ११ मार्च, बुधवार

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

रविवारीच तुझ्याकडे चहा पिऊन आलो आणि बुधवारी पत्र, तेही तिकीट लावून, म्हणजे याचं डोकं फिरलं असं म्हणशील. म्हण. इकडे आम्ही ठीक आहोत. हिची कंबर पुन्हा धरली आहे, पण तोंड व्यवस्थित चालतंय, त्यामुळे काळजीचं कारण नाही. दुकानात काम बरं आहे. परवा एका दंतवैद्याची पाटी रंगवली. त्याला दात इतके पांढरे हवे होते की शेवटी त्या दातांशिवाय पाटीवर काही दिसेनासं झालं. त्याला आवडली.

पाळणाघर बंद झालं तरी तुझ्याकडे अकरा चटया अजून भिंतीशी गुंडाळून ठेवल्या आहेत. मुलांच्या खुंट्यांवर मी काढलेली चित्रंही तशीच आहेत, किटली, छत्री, मासा. ‘मासा’ आता आईबरोबर बेकरीत जातो आणि पिठाच्या पोत्यांमागे झोपतो, हे तू सांगितलंस. ‘छत्री’च्या आईने नोकरी सोडली. तू हे सांगत होतीस आणि मी बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत होतो. मग तू म्हणालीस, “तू एकटा तरी माझ्या बाजूने भांडलास रे.” ते ऐकून मी उठलो. दुकान उघडायचंय म्हणालो. रविवारी दुकान बंद असतं, हे तुझ्या लक्षातही आलं नाही.

मी नगरसेवक म्हणून निवडून आलो ते कशावर, हे तुला पाठ आहे. मीच रंगवलेल्या पत्र्यावर लिहिलं होतं, ‘नगरपालिका उंबऱ्याच्या बाहेर बरी.’ माझ्या पाटीची रुंदी चार बोटं जास्त भरली म्हणून दंड झाला, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात बसलं. शहराने पाणी द्यावं, दिवे लावावेत, कचरा उचलावा. बाकी कोणी घरात काय शिवावं, कोणाला काय शिकवावं, कोणाची मुलं सांभाळावीत, ते ज्याचं त्याने बघावं. तू म्हणायचीस, “आधी तुझ्या त्या स्वातंत्र्याने दुकानासमोरचं गटार साफ कर.” मला राग यायचा. पण मत माझं अजून तेच आहे, हेही सांगून टाकतो.

घरात धंदा करायचा तर रस्त्यावर उघडणारी दोन दारं हवीत, हा नियम वीस वर्षं कागदावर पडून होता. कोणी पाळत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. तू मला दोनदा बजावलंस, आम्ही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही तेच बरं, आमचं उदाहरण करू नकोस. मी तो नियम रद्द करायचा ठराव मांडला. अध्यक्ष म्हणाले, “याची कोणाला झळ लागली आहे का? नसेल तर सभेचा वेळ का घालवता?”

त्या एका वाक्याने माझं वाटोळं केलं. मला झळ लागलेला माणूस हवा होता. असा माणूस, की ज्याच्यावर कारवाई करायला कोणाचा हात धजणार नाही. अख्ख्या वॉर्डात असं एकच माणूस होतं.

ताई, तक्रार मी केली.

निनावी तक्रार घेत नाहीत, म्हणून सही करून दिली. मला वाटलं, तपासणीला येतील, अकरा मुलं गाढ झोपलेली बघतील, ओशाळतील, आणि पुढच्या सभेत नियम हसण्यावारी जाईल. तुला तर काही कळायच्या आत सगळं मिटणार होतं. इतका मी हुशार.

तपासनीस बाई आल्या तेव्हा मी मुद्दाम हजर होतो, आठवतंय? त्या वाईट नव्हत्या. चपला बाहेर काढून आल्या, मुलं जागी होऊ नयेत म्हणून हळू बोलल्या. शेगडी दाराजवळ आहे, दार एकच, मुलं अकरा. त्यांनी मला विचारलं, “आग लागली तर?” मी हसून म्हणालो, “ताई आहे ना.” त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. सभेत अहवाल वाचला गेला, ‘आपत्कालीन व्यवस्था: ताई.’ सगळं सभागृह हसलं. हसू यावं म्हणूनच मी हे सगळं केलं होतं, आणि हसले ते तुला.

खरं सांगू? त्या बाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

दुसऱ्याच दिवशी तक्रार मागे घ्यायला गेलो. कारकून म्हणाला, “तपासणी झाली की तक्रार तुमची राहत नाही साहेब, कार्यालयाची होते.” मी वर गेलो. वरच्यांनी समजावलं की नगरसेवकाने असं मागे लागणं म्हणजे दबाव, तो तुमच्याच अंगाशी येईल. मग सभेत बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर त्यांनी नियम आणखी कडक केला. आता घरातल्या शिवणकामाला आणि शिकवण्यांनाही दोन दारं लागणार. विरोधात हात एकच वर होता. तोही किती वेळ वर धरायचा ते मला कळेना.

एवढंच असतं तर कदाचित गिळून बसलो असतो. पण तू शेजारच्या नर्सबाईंशी बोलणं टाकलंस. रात्रपाळी करून आल्यावर मुलांच्या गोंगाटाने झोप होत नाही म्हणून त्या कधीतरी कुरकुरल्या होत्या, तेवढ्यावर तू ठरवलंस की तक्रार त्यांचीच. सव्वीस वर्षांचा शेजार. पोरांचे ताप बघायला त्यांनी तुझ्याकडे ठेवलेला थर्मामीटर तू परत पाठवलास, आणि तोही माझ्याच हाती. मी तो मुकाट्याने घेऊन गेलो.

त्यांनी दार उघडलं, थर्मामीटर घेतला, आणि मला आत बसवलं. चौकशीत त्यांची साक्ष झाली होती, तेव्हा फाइल त्यांच्यासमोरच उघडी होती. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाल्या, “मी नाही सांगणार. बहीण तुझी आहे, तूच सांग.” याला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत तू दारात त्यांना बघून तोंड फिरवतेस आणि त्या ऐकून घेतात, न बोललेलंसुद्धा.

त्यांनी साक्षीत काय सांगितलं तेही तुला माहीत नाही. म्हणाल्या, “दुसरं दार हवंय ना? मग आमच्या दोघींच्या मधली भिंत फोडा. माझ्या खोलीतून मुलं बाहेर निघतील, माझं दारही रस्त्यावरच उघडतं. खर्च मी करते.” अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला, दुसऱ्याच्या घरातून जाणारी वाट ग्राह्य नाही. मी आयुष्यभर ओरडत आलो की माणसं आपलं आपण बघून घेतात. त्या बघून घ्यायला निघाल्या होत्या, आणि मी मधे नगरपालिका आणून बसवली.

सोमवारी तुला कार्यालयाकडून फाइलची प्रत पोस्टाने येईल. तिसऱ्या पानावर तक्रारदाराचं नाव आहे. ते तू तिथे वाचू नयेस म्हणून हे आधी लिहिलं. समोर बसून सांगायला तीनदा आलो होतो, तिन्ही वेळा तू चहा टाकलास.

पाळणाघर मी परत आणू शकत नाही. सगळीकडे जाऊन आलो, कुठेच काही उरलेलं नाही. माझ्याशी काय वागायचं ते तू ठरव, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त हे पत्र मिटलंस की शेजारी जा. त्या आता दिवसपाळीला असतात, सहाला घरी येतात. त्या दार उघडतील.

उत्तर मागायचा हक्क नसलेला,
तू वाढवलेला
तुझा धाकटा